अनुभव धागा: स्तंभावरची नावं बुजत चालली आहेत. तुम्ही काय करता, नेमकं लिहा

कृष्णाकाठचा
काल 9 ऑगस्ट, क्रांतिदिन झाला. सातारा-सांगलीकडच्या गावागावांत हुतात्मा स्तंभांना हार पडले, फोटो निघाले. हाराखालची पाटी मात्र बऱ्याच ठिकाणी वाचता येत नाही. दर वर्षी चुना नाहीतर ऑइलपेंटचा नवा हात मारला जातो आणि कोरलेल्या अक्षरांत रंग भरून पाटी सपाट होते. "हौतात्म्य पत्करलेले" इथवर लागतं, नेमकी पुढची नावं लागत नाहीत.

मोठी नावं टिकतील. सांगलीचा तुरुंग 24 जुलै 1943 ला फुटला. त्यातल्या वसंतदादा पाटलांचं नाव कारखान्याला आहे, दवाखान्याला आहे. त्याच दिवशी पडलेले अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव सांगलीतल्या किती पोरांना ठाऊक असतील? गोळीबार झालेला वडूजचा मोर्चा 9 सप्टेंबर 1942 चा, इस्लामपूरचा दुसऱ्या दिवशीचा. तिथं पडलेले परशुराम घार्गे, पंड्या, बारपटे ही नावं निदान छापून आलेली आहेत. गावच्या पाटीवरच्या चौथ्या-पाचव्या नावाला त्या पाटीखेरीज दुसरा आधार नसतो.

दगड, पुतळा, कागद, फोटो, बोलणं, यांतलं ज्याला जे येतं ते लिहा. काय वापरायचं, किती, आणि कुठं बिघडतं. नुसतं "जतन करायला हवं" नको, ते सगळ्यांना पटलेलंच आहे.

माणदेशी टाकी
दगडाचं मी लिहितो.

आधी दगड ओळखा. संगमरवर असेल तर अ‍ॅसिडचा थेंबही नको. फरशी धुवायचं अ‍ॅसिड, संडासचं लिक्विड, लिंबू, व्हिनेगर, सगळं बाद. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, अ‍ॅसिडनं तो विरघळतो आणि अक्षराची धार जाते. आपला काळा पाषाण अ‍ॅसिडनं विरघळत नाही, पण त्यात लोह असतं, तांबूस डाग उठतात ते मग जात नाहीत.

ऑइलपेंट काढायला पेंट रिमूव्हर मिळतो, त्यातला जेलसारखा घट्ट घ्या. पातळ घेतला तर उभ्या पाटीवरून ओघळून जातो. पहिल्यांदा एका कोपऱ्यात दोन इंचावर लावून बघा. ठीक वाटलं तर ब्रशनं दोन-तीन मिलिमीटर जाड थर द्यायचा, वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा, अर्धा ते पाऊण तास सोडायचं. रंग फुगून सुरकुततो. तो बांबूच्या चपट्या काडीनं काढायचा. लोखंडी पत्री, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांतलं काही लावायचं नाही. एका वेळी एक-दोन थरच सुटतात, चार थर असले तर चार वेळा करायची तयारी ठेवा. भर उन्हात करू नका, जेल वाळून रंगाला घट्ट धरून बसतं. हातमोजे आणि चष्मा लागतोच, आणि पोरांना लांब ठेवा. शेवटी भरपूर साधं पाणी.

सगळ्यात जास्त नुकसान ग्राइंडरनं होतं. "पॉलिश करून देतो" असं कुणी म्हणालं तर अक्षर किती खोल आहे ते आधी मोजा. हातानं कोरलेलं असेल तर तीन-चार मिलिमीटर खोल असतं. वाळूच्या मशीननं उठवलेलं दीड-दोनच असतं, पॉलिशच्या एका फेरीत निम्मं जातं.

शेवाळवाडी
दगडफूल आलंय त्याचं काय करायचं? पांढरे-हिरवे चट्टे आहेत.

माणदेशी टाकी
@शेवाळवाडी वाळलेलं खरवडू नका, दगडाचा पापुद्रा घेऊन निघतं. ओलं पोतं अर्धा तास लावून ठेवा. मऊ पडलं की नायलॉनचा ब्रश आणि पाणी. उभी पाटी भिजवताना खालून वर भिजवत जा, वरून सुरू केलं तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात आणि रेषा राहतात. धुण्याचा सोडा, साबणपूड टाळा. त्यातले क्षार दगडात उतरतात आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग फोडून बाहेर येतात.

वडाखाली
याला जोडून. चौथऱ्याच्या सांध्यात पिंपळ उगवला तर ओढून उपटू नका, मुळाबरोबर दगड हलतो. बुंध्याशी कापा आणि कापल्या कापल्या, पाच मिनिटांच्या आत, त्या ताज्या कापावर ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशनं लावा. नंतर लावलं तर चीक सुकून आत जात नाही. मीठ घालायची पद्धत आहे ती सोडा, कारण वर आलंय तेच, क्षार.

आणि स्मारकाशेजारी मोठं झाड असेल तर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवू नका. निदान सहा फूट माती मोकळी ठेवा. खोडाला खिळा ठोकून पाटी लावू नका. साताऱ्यात गेंडामाळावर 8 सप्टेंबर 1857 ला सतरा जणांना मारलं, पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. ती जागा लोकांच्या तोंडी "फाशीचा वड" म्हणूनच राहिली. झाडाच्या नावानं जागा लक्षात राहते, म्हणून झाडाचीही काळजी पाटीइतकीच घ्यायची.

कडेगावकरीण
छान चाललंय. भाकरी टाकून येते, मग कागदांबद्दल लिहिते. तोवर एकच सांगते, लॅमिनेशन करू नका. कुणीही कितीही सांगू दे.

मोडीची पाटी
नावं शोधायची असतील तर आधी जिल्ह्याचा घोळ समजून घ्या, निम्मे लोक इथंच अडकतात.

1942 ला वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर सगळं सातारा जिल्ह्यात होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 21 नोव्हेंबर 1960 पासून त्याचं नाव सांगली. म्हणजे वाळव्याच्या माणसाची 1943 ची नोंद "सातारा"खाली, 1955 चा अर्ज "दक्षिण सातारा"खाली आणि 1972 चं ताम्रपत्र "सांगली"खाली. तिन्हीकडं शोधा.

त्यात संस्थानं. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, आटपाडीही औंधात. सांगली, मिरज, जत, फलटण ही संस्थानं वेगळी. गाव ब्रिटिश मुलखात होतं की संस्थानात, हे पाहिल्याशिवाय दप्तर मागायला जाऊ नका. नाहीतर "नोंद आढळत नाही" असा शेरा मिळतो आणि माणूस निराश होऊन सोडून देतो.

मग आडनावाचा घोळ. नाना पाटलांचं मूळ आडनाव पिसाळ. जी. डी. बापू म्हणजे गणपती दादा लाड. ज्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे त्यांचं असं, तर बाकीच्यांचं काय. यादीत "पाटील" असलेला माणूस शाळेच्या दाखल्यात दुसऱ्याच आडनावानं असतो. म्हणून तीन गोष्टी जुळवा: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव. आडनाव शेवटी.

वडिलांचं नाव आणि वय लावायला दोन जागा. पहिली, शाळेचं जनरल रजिस्टर. दुसरी, तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. ते बहुतेक मोडीत असतं. अर्जात गाव, साल आणि "गाव नमुना 14" एवढं नेमकं लिहा. "आजोबांची माहिती मिळावी" असा अर्ज केला तर कुणालाच काही शोधता येत नाही.

पलूस लोकल
कोतवाल बुक हल्ली सगळे जातीच्या दाखल्यासाठी काढतात, त्यामुळं कचेरीत ते कुठल्या कपाटात आहे हे तरी आता माहीत असतं 🙏

मोडीची पाटी
खरंय. आणि त्याच गर्दीत पानं फाटतात. पान उलटताना थुंकी लावायची नाही, वरचा उजवा कोपरा धरून अख्ख्या तळहातावर घेऊन उलटायचं. फोटो काढताना आधी वहीचं मुखपृष्ठ, मग पान क्रमांक दिसेल असं पूर्ण पान, मग ओळ. नुसत्या ओळीचा फोटो पुढच्या वर्षी कुणालाच कुठला ते सांगता येत नाही.

आईचा डबा
विषय थोडा वेगळा. मुलीचं शाळेत नाना पाटलांवर भाषण आहे, तीन मिनिटं. नेटवर सगळीकडं तेच तेच. कुणी चार ओळी देईल का? शुक्रवारी आहे 😟

पलूस लोकल
@आईचा डबा ताई, घ्या. जन्म 3 ऑगस्ट 1900, गाव येडेमच्छिंद्र, वाळवा तालुका. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत. 1943 ते 46 प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून गावांनी स्वतः चालवलेला कारभार. 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून लोकसभेवर. 6 डिसेंबर 1976 ला गेले.
तीन मिनिटांत जन्म-मृत्यू-पदव्या भरू नका, पोरं झोपतात. गांधी विवाहावर एक अख्खं मिनिट द्या. हुंडा नाही, मानपान नाही, बँडबाजा नाही, एका मांडवात कमी खर्चात लग्नं. कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्याला यातून केवढा आधार मिळाला ते मुलीला समजावून सांगा, म्हणजे ती पाठ न करता बोलेल.

दुपारची शाळा
@आईचा डबा आणि "पत्री" (प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणत) एवढ्यावर भाषण संपवू नका ही विनंती. पत्र्या ठोकल्या एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं. गावोगावी न्यायदान मंडळं होती, भांडणं तिथं मिटत, दारूबंदी होती, दरोडेखोरांचा बंदोबस्त होता. सरकार म्हणजे काय काय असतं ते सगळं शेतकऱ्यांच्या पोरांनी चालवून दाखवलं. हे सांगितलं की सातवीचं पोरगं ताठ बसतं.

भाषणाच्या कागदावर क्रांतिसिंह असं लिहा, ति पहिली. शाळेच्या फळ्यावर दर वर्षी "क्रांतीसिंह" होतं.

आईचा डबा
खूप खूप आभार दोघांचे. गांधी विवाहाचं मलाही माहीत नव्हतं.

माणदेशी टाकी
ह्या ऱ्हस्व-दीर्घावरून आठवलं. नवी पाटी कोरायला द्यायच्या आधी मजकूर खऱ्या मापात कागदावर काढून भिंतीला दोन दिवस लावा. येणारा-जाणारा वाचतो, चूक सापडते. "स्मृती" सुटं असताना दीर्घ, "स्मृतिस्तंभ" जोडून आला की ऱ्हस्व. दगडात चुकलं की दुरुस्ती नाही, अख्खी पाटी बदलावी लागते, आणि पैसे नाहीत म्हणून चुकीचीच राहते.

अक्षर निदान एक इंच उंच, आणि खोली तीन मिलिमीटरच्या खाली नको. टाकीनं इंग्रजी व्हीसारखा उतार देऊन कोरलं तर पाणी साचत नाही. रंग नुसत्या अक्षरात भरायचा: बारीक ब्रश, काळ्या दगडात पांढरा, संगमरवरात काळा इनॅमल. बाहेर आलेला रंग पुसायला फडकं बोटाला गुंडाळू नका. बोट अक्षरात शिरतं आणि आतला रंग उचलतं. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला फडकं ताणून बांधा, टर्पेंटाइनमध्ये नुसतं ओलसर करा आणि सपाट फिरवा. वरचं निघतं, आतलं राहतं.

फाटकाबाहेर
नावांत "व इतर" कधी कोरू नका. जागा नाही म्हणून पहिली पाच नावं आणि "व इतर 14" असं केलं की ती चौदा कायमची गेली. अक्षर लहान करा, दोन स्तंभ पाडा, मागच्या बाजूला कोरा, पण पूर्ण नाव आणि गाव हवं. सभेत वाचतानाही तसंच. वीस नावं संथ वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, पाहुण्यांच्या सत्काराला त्याहून जास्त जातात.

कडेगावकरीण
@फाटकाबाहेर आणि बायकांची नावं "यांच्या पत्नी" अशी लिहू नका. भाकऱ्या पोचवणं, चिठ्ठ्या नेणं, रात्री माणूस लपवणं हे बायकांनी केलं आणि यादीत नाव नवऱ्याचं. नाना पाटलांच्या लेक हौसाताई प्रतिसरकारच्या तुफान सेनेबरोबर होत्या, त्यांचं नाव घेतलं जातं. बाकीच्यांचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव नोंदवा. 1943 ला लग्न झालेलं नसेल तर त्या वेळच्या कागदात माहेरचंच सापडणार.

आता कागदांचं.

लॅमिनेशन का नको: गरम रोलरमधून कागद जातो, प्लॅस्टिक वितळून धाग्यांत बसतं, पुन्हा काढता येत नाही. जुन्या कागदातलं आम्ल आत कोंडतं आणि दहा-पंधरा वर्षांत कागद तपकिरी होऊन तुटतो. मागचे शिक्के आणि शाईनं लिहिलेले आकडे धूसर होतात ते वेगळंच.

त्याऐवजी:
सेलोटेप, स्टेपलच्या पिना, टाचण्या, रबरबँड काढा. टेप ओढून काढू नका, निघत नसेल तर तशीच राहू द्या.
घडी असेल तर जबरदस्तीनं सपाट करू नका. दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांत ठेवून वर पुस्तकं, दोन-तीन दिवस.
मग पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट, तीन बाजू बंद, एक उघडी. बाजारातली मऊ वासाची पीव्हीसी पाकिटं घेऊ नका, त्यांना शाई चिकटते.
आडवं ठेवा, लोखंडी पेटीत ठेवलंत तर पेटी जमिनीपासून वीटभर उंच. कडुनिंबाचा पाला कागदाला लागून नको, कापडी पुरचुंडीत, आणि दर चार महिन्यांनी बदला.
स्कॅन 600 डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू. मागची बाजू कोरी दिसली तरी घ्या.

जेलचा दाखला सगळ्यात जपा. केंद्राच्या सन्मान पेन्शनला साधारण सहा महिने तुरुंगवास किंवा तितकं भूमिगत असणं लागत होतं, आणि कारागृहाचं रेकॉर्ड नसेल तर बरोबरच्या कैद्याचं प्रमाणपत्र. आपल्याकडं भूमिगतच जास्त, त्यामुळं कितीतरी माणसांचा पुरावा म्हणजे दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकानं लिहून दिलेला एक कागद. त्या एका कागदात चार-पाच इतर माणसांची नावं, गावं, तारखा येतात. घरच्यांना वाटतं पेन्शन संपली, कागद संपला. तो टाकू नका हो.

ताम्रपत्र पितांबरीनं घासू नका. बारीक अक्षरं झिजतात. कोरड्या सुती कापडानं पुसा, बस.

वारणेचं पाणी
कडेगावकरीण ताई, पुरात भिजलेल्या फोटोंचं सांगता का? 2019 ला सांगलीत कितीतरी घरांचे अल्बम गेले.

कडेगावकरीण
@वारणेचं पाणी एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे होऊ द्यायचे नाहीत, ही पहिली गोष्ट. वाळले की कायमचे चिकटतात. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवायचे, आपोआप सैल होतात, मग हळू वेगळे करायचे. चेहऱ्याच्या बाजूला बोट लावायचं नाही, ओला थर नखानंसुद्धा निघतो. चित्राची बाजू वर करून सावलीत, पंख्याच्या झुळुकीत, टॉवेलवर वाळवायचे. ऊन नको, इस्त्री नको, केस वाळवायचं मशीन नको. दोन दिवसांत एवढं उरकणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका. बुरशी थांबते, पुढं सवडीनं करता येतं.

वाळलेले चिकटलेले असतील तर घरी प्रयोग नको, जाणकाराकडं न्या.

फोटोमागं नाव लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. डावीकडून उजवीकडं क्रमानं नावं, आणि ती कुणी सांगितली तेही. ओळख चुकलेली असेल तर पुढच्या माणसाला कुणाला विचारायचं ते कळतं.

येरळामाई
पुतळ्यांचं कुणीच लिहिलं नाही का? मग मी.

ब्राँझच्या पुतळ्याचा गडद तपकिरी-हिरवट रंग हा त्याचा संरक्षक थर असतो. तो घासून "चकचकीत" केला की धातू उघडा पडतो आणि दुप्पट वेगानं खराब होतो. चिंच, लिंबू, पितांबरी, वाळू काही नको. फिकट हिरवी भुकटी पडत असेल, बोटाला लागत असेल, तर ते मात्र दुखणं आहे, तिथं धातू जाणकाराला दाखवा.

वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आसपास: साधं पाणी, बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण, मऊ ब्रश, पुन्हा साधं पाणी, पूर्ण वाळवणं. मग दुपारी धातू उन्हानं कोमट असताना पातळ मेणाचा हात आणि सुती कापडानं घासणं. जाड थर दिला तर धूळ धरून काळे पट्टे पडतात. कबुतरांची विष्ठा आठवड्याच्या आत धुवा, ती धातू खाते.

दुधाचा अभिषेक, गुलाल, कुंकू, साखरेचे हार, सगळं ओरखड्यात आणि खोबणीत जाऊन बसतं. हाराची तार गळ्याशी एकाच जागी घासून खाच पाडते. हार सुतात ओवलेले घाला आणि दुसऱ्या दिवशी काढा. जयंतीचा हार पुण्यतिथीपर्यंत लटकतो तेव्हा आतून ओल धरून डाग पडतो.

पुतळा पोकळ असतो. चौथऱ्याजवळ पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. रंगवताना गवंडी ती सिमेंटनं बुजवतो, पाणी आत साचतं, आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि पायाशी तडा जातो. तडा दिसला की वरून लांबी भरू नका, आधी भोकं मोकळी करा.

नवा पुतळा बसवायचा तर परवानगीशिवाय चबुतरासुद्धा बांधू नका. जिल्हाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव जातो, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. माझं मत विचाराल तर नवा पुतळा नकोच, आहे त्याची वर्षाची देखभाल पंचायतीच्या अंदाजपत्रकात घाला.

पलूस लोकल
पूर्ण सहमत. नावाचंही तसंच होतं. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव, सांगलीच्याला वसंतदादांचं, आणि दोन्हीकडं लोक म्हणतात "सिव्हिल". नाव दिलं म्हणजे आठवण राहिली असं धरू नका. दवाखान्याच्या दारात, जिथं नातेवाईक तासन्तास बसतात, तिथं डोळ्यांच्या उंचीवर आठ ओळींची पाटी हवी: हा माणूस कोण, इथला कसा. मोठ्या अक्षरातलं नाव कमानीवर पंधरा फुटांवर असतं, तिकडं कुणी बघत नाही.

शेवाळवाडी
क्यूआर कोड लावले तर? आमच्याकडं चर्चा आहे.

फाटकाबाहेर
@शेवाळवाडी लावा, पण त्याच्या भरवशावर मजकूर काढून टाकू नका. व्हिनाइल स्टिकर पश्चिमेच्या उन्हात दोन वर्षांत पांढरा पडतो. स्टीलच्या पत्र्यावर एचिंग करून घ्या, निदान दोन इंच चौकोन. आणि कोड उघडल्यावर जी साइट येते तिचं वार्षिक भाडं कोण भरणार ते आधी ठरवा. भाडं थकलं की कोड जागेवर असतो आणि साइट बंद.

दुपारची शाळा
बोलणं रेकॉर्ड करण्याबद्दल.

1943 ला पंधरा वर्षांचं पोरगं आज सत्त्याण्णवच्या पुढं. म्हणजे आता बहुतेक ठिकाणी मुलं, सुना, शेजारी यांच्याकडूनच ऐकायचं आहे. ते दुय्यम म्हणून सोडू नका, फक्त "स्वतः पाहिलं" आणि "ऐकलं" हे वेगळं नोंदवा.

फोन फ्लाइट मोडवर. पंखा, टीव्ही बंद. फोन तोंडापासून वीतभर ते हातभर, टेबलावर नको (कपबशीचा आवाज घुमतो), घडी घातलेल्या टॉवेलवर. सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय. चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका.

"चळवळीबद्दल सांगा" असा प्रश्न विचारला की भाषण सुरू होतं, शाळेत ऐकलेलंच परत येतं. त्याऐवजी: भाकरी कोण न्यायचं? कुठल्या वाटेनं? ओढा कुठं ओलांडायचा? कुत्री भुंकली तर काय करायचे? खूण काय होती? कुणाच्या वस्तीवर निजायचे? हात आणि पाय आठवायला लागले की नावं आपोआप येतात.

तारीख विचारू नका, हंगाम विचारा. जोंधळा काढला होता का, नदीला पाणी होतं का, कुठली जत्रा झाली होती. शेणोलीला तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवली ती 7 जून 1943 ला, म्हणजे मृगाच्या तोंडावर. "गाडीच्या आधी की नंतर" असं विचारलं की कुंडलकडच्या माणसाला बाकीचं लावता येतं. (तिथं लिहिताना "लूट" शब्द टाळा. तुफान सेनेच्या कॅप्टन भाऊ लाडांना तो मान्य नव्हता, लोकांचाच पैसा परत आणला असं ते सांगत.)

वारणेचं पाणी
शेणोलीला रुळाजवळ स्मारक आहे त्याचं. गाडीतून दिसतं का कधी?

पलूस लोकल
गाडीतून बघायला जाऊ नका, कराडला उतरून रस्त्यानं जा. उसाची गाडी पुढं असली की अर्धा तास वाढवून धरा 😄 बघून झालं की कराडात प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि त्यांचं घर "विरंगुळा", एका दिवसात होतं.

माणदेशी टाकी
देवराष्ट्रेही करा मग, यशवंतरावांचं जन्मगाव.

वडाखाली
एक कागदी काम राहिलं. स्मारकाला हात लावायच्या आधी ती जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. सातबारा, नाहीतर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका. मग ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत स्मारक चढलंय का ते. नोंद नसेल तर खर्च टाकता येत नाही, आणि सदस्य बदलले की "हे कुणाचं" म्हणून कुलूप पडतं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा. ठरावाला नावांची पूर्ण यादी जोडा, म्हणजे दगड गेला तरी इतिवृत्तात नावं राहतात. चावी दोघांकडं ठेवा, एक पंचायतीत, एक शाळेत.

कृष्णाकाठचा
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. यादी इतिवृत्तात घालायची सूचना लगेच सरपंचांच्या कानावर घालतो.

मूळ प्रश्न राहिलाच. रंग काढायच्या आधी निदान फोटोत नावं पकडायची तर? मोबाइलनं सपाटच येतंय.

मोडीची पाटी
@कृष्णाकाठचा समोरून फ्लॅश मारलात तर सपाटच येणार. तिन्हीसांजेनंतर जा. फोन स्टँडवर, पाटीच्या बरोबर समोर, हलवायचा नाही. दुसऱ्या मोबाइलची बॅटरी पाटीला जवळजवळ टेकवून, कडेनं उजेड पाडा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठतं. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, आणि चार कोपऱ्यांतून, असे आठ फोटो. एकाच बाजूनं घेतलात तर उजेडाच्या दिशेनं जाणाऱ्या रेषा लपतात. वरून उजेड आला की शिरोरेषा ठळक दिसते आणि काने गायब होतात, कडेनं आला की काने दिसतात.

खाचेत पीठ, खडू भरू नका. पिठानं बुरशी येते.

वाचताना ध्यानात ठेवा, आधी जातात ते अनुस्वार, रफार आणि वरच्या मात्रा. "घार्गे"चं "घागे" होतं, "शिंदे"चं "शिदे". पाटीवर "पाडुरग" दिसलं तर पांडुरंगच समजा. आणि कच्च्या यादीत वाचलेलं अक्षर एका रंगानं, अंदाजाचं दुसऱ्या रंगानं लिहा. एकदा दोन्ही एकाच शाईत लिहिलं की अंदाजच पुढं खरं नाव म्हणून चालतो.

कृष्णाकाठचा
आताच घेतले, चार जमले, पाऊस आला. तिसऱ्या ओळीत शेवटी "राम" स्पष्ट. त्याआधी दोन अक्षरं, पहिल्याला खाली काहीतरी आहे. तुकाराम?

मोडीची पाटी
बघितले. खालचं वळण उकाराचं वाटतं, पण दगडाचा टवका असू शकतो, सखाराम सुद्धा बसेल. दुसऱ्या अक्षराची मधली उभी रेघ दिसायला हवी, "क" असेल तर दोन्ही बाजूंना गोलाई येईल. उजवीकडून आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून असे दोन परत घ्या. दगड आधी पूर्ण वाळू द्या, ओल्या पाटीवर उजेड चमकतो.

कृष्णाकाठचा
उद्या संध्याकाळी उघडीप असेल तर जातो. शाळेची चावीवाली ताई पण येते म्हणाली, बॅटरी धरायला.